कृषी अधिकाऱ्याचं नाव

लाल दिवा लागला होता आणि कागदावर पहिल्याच ओळीत ते नाव होतं. मी खोकले.

लाल दिवा म्हणजे माइक सुरू. आता खोलीत जे होईल ते गावोगाव ऐकू जाणार, खोकलासुद्धा. मी खोकले, घोटभर पाणी प्याले आणि वाचलं, “मंडल कृषी अधिकारी यांनी सांगितलं आहे की कापसावर गुलाबी बोंडअळी दिसू लागली आहे.” नाव गिळलं होतं. सलग चौथ्या की पाचव्या दिवशी गिळलं होतं आणि रोज खोकत होते. माझ्या जावेनं तर अडुळशाचा काढा पाठवला.

मी आमच्या रेडिओवर सकाळच्या मराठी बातम्या वाचते. रेडिओ मोठा नाही. आदिलाबाद जिल्ह्यात नार्नूरच्या बाजूला बायकांच्या बचत गटांनी चालवलेला आहे. बियाण्यांच्या गोडाऊनमागे दोन खोल्या आणि छतावर एक लोखंडी खांब, एवढाच. आवाज आजूबाजूच्या गावांपर्यंत जातो, पुढे जंगल लागलं की नुसती खरखर. माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हा मी इथे लागले. आता ती आदिलाबादला बी.एड. करते आणि मी त्याच खुर्चीवर आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत मला बोलता येत नाही. पंगतीत मीठ मागायचं असेल तर मी अळणी जेवते. पण बंद खोलीत माइकसमोर बसवलं की आवाज फुटतो, कारण माइकला डोळे नसतात. स्टुडिओत मधे एक काच आहे आणि पलीकडे आमचे ऑपरेटर नरसय्या बसतात. ऑपरेटर म्हणजे यंत्र चालवणारा माणूस. माइक सुरू-बंद करणं, गाणी लावणं त्यांच्याकडे. त्या काचेवर मी सुरुवातीलाच जुन्या लुगड्याचा पडदा लावून घेतला. नरसय्या भला माणूस आहे, पण पाहत असला की मला ‘तापमान’सुद्धा वाचता येत नाही.

तर ते नाव. माधवराव. लिहायला हरकत नाही. फक्त मी लिहिताना ओठ हलवते, म्हणून आत्ता ओठ दाबून धरून लिहिलं. हे आमच्या घरच्यांचं नाव आहे.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आई म्हणायची, नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं. मुलगी म्हणते तसं काही नसतं. मलाही वाटतं, नसावं. पण ‘नसावं’ आणि ‘नाहीच’ यांच्यामध्ये थोडी फट राहते, आणि त्या फटीत आपला नवरा उभा असतो. शिवाय सासूबाई रोज सकाळी ओट्यावर रेडिओ मांडीत घेऊन बसतात. त्या बातम्या ऐकत नाहीत, मला ऐकतात.

इतकी वर्षं मी हे निभावून नेलं होतं. गावांत या नावाची माणसं काही कमी नाहीत. पण कोणाचं आडनाव घ्यायचं, कोणाच्या बापाचं नाव घ्यायचं, असं करून बातमी पुढे सरकायची. एकदाच भांडण झालं. एका माणसानं पिठाची गिरणी टाकली होती आणि मी वाचलं, “सुभाष शिंदे यांच्या धाकट्या भावाने गिरणी सुरू केली आहे.” त्या दोघा भावांचं बांधावरून बोलणं बंद होतं. धाकटा दारात येऊन म्हणाला, “गिरनी माही, पैसा माहा, अन् नाव त्याचं घेता?” मी आतून कडी लावून घेतली. नरसय्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग हे नवे मंडल कृषी अधिकारी आले. करीमनगरकडचे, तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलणारे. त्यांच्या कागदावर आडनाव नसायचं, नुसतं ते नाव. कपाशीला काय फवारायचं, बियाणं कधी येणार, कापूस खरेदीच्या रांगेची टोकनं कधी वाटणार, ही सगळी माहिती त्यांच्याकडून येते. आमच्या बातम्यांत लोक ऐकतात ते हेच. बाकी हरवलेली जनावरं, लग्नं आणि मयत. साहेबांना मराठी फारसं येत नव्हतं, पण आपलं नाव कोणत्याही भाषेत ओळखू येतं. ते रोज सकाळी रेडिओ लावून स्वतःच्या नावाची वाट पाहायचे आणि त्यांना खोकला ऐकू यायचा.

आमच्या मॅनेजर पद्मा मॅडमनी मला बोलावलं.

“सुनंदाबाई, त्या साहेबाशी तुमची काय दुश्मनी हाय?”

“नाई, मॅडम.”

“मंग त्याचं नाव काऊन खाऊन राह्यल्या?”

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. दारात नरसय्या उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, अक्काच्या घरवाल्याचं नाव बी तेच हाय.”

मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. साहेबांचा फोन येऊन गेला होता. मराठी बातम्यांत नाव येत नसेल तर माहिती फक्त तेलुगू बातम्यांना देईन, असं ते म्हणाले होते. तेलुगू बातम्या संध्याकाळी असतात आणि त्या दुसरी बाई वाचते.

“शेतीची माहिती नसली तर सकाळी तुमाले कोन ऐकनार?” मॅडम म्हणाल्या. “बचत गटाची कमिटी म्हणीन, बंद करा मराठी बुलेटिन. मंग मी काय सांगू? बाई लाजते म्हणून सांगू?”

बुलेटिन म्हणजे बातम्यांचा पूर्ण हप्ता, सुरुवातीपासून नमस्कारापर्यंत. तो बंद झाला असता तर मी घरी. घरी वाईट काही नाही. पण दिवसातून तेवढाच वेळ मी मोठ्यानं बोलते. तो गेला असता तर मी पुन्हा अळणी जेवणारी बाई झाले असते, आणि एवढंच.

मॅडमनी स्वतः वाचून पाहिलं. त्यांचं मराठी बोलण्यात चालतं, वाचण्यात अडखळतं. “गुलाबी बोंडअळी”ला त्या तीनदा थांबल्या. मग नरसय्यांना युक्ती सुचली.

“अक्का, तुमी नाव घेऊ नका. मी घेतो. मी एकदा बोलून रेकॉर्ड करून ठेवतो. तुमी तिथं थांबा, मी बटन दाबतो.”

रेकॉर्ड करून ठेवलेल्या अशा छोट्या तुकड्याला आम्ही क्लिप म्हणतो. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की ती वाजते. नरसय्यांनी घसा साफ करून क्लिप केली. त्यांचा आवाज दवंडीवाल्यासारखा आहे. “माधवराव!” असा खणखणीत. जणू नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारली.

अडचण पडद्याची होती. मी कुठे थांबले ते नरसय्यांना दिसायचं नाही. पडदा काढायला मी तयार नव्हते. तेव्हा ठरलं की नावाची जागा आली की मी टेबलावर बोटानं टकटक करायचं.

पहिला दिवस चांगला गेला. “मंडल कृषी अधिकारी...” टकटक, “माधवराव!” “...यांनी सांगितलं आहे की.” बाईच्या आवाजात मधेच पुरुष ओरडतो हे थोडं विचित्र होतं. पण साहेबांचा फोन आला, छान झालं म्हणाले. सासूबाई मात्र मला म्हणाल्या, “तुह्या मांगं कोन लपून बसलं होतं व?”

दुसऱ्या दिवशी शेतीच्या बातम्या संपल्या आणि मी हरवलेल्या जनावरांकडे वळले. त्या दिवशी मी हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या भरल्या होत्या. पान उलटताना हात टेबलाला लागला.

मी वाचत होते, “पाड्यावरच्या एका शेतकऱ्याचा तांबडा गोऱ्हा दोन दिवसांपासून घरी आलेला नाही. त्याचं नाव...”

बांगड्या वाजल्या.

“माधवराव!”

मी घाबरले. लाइव्हमध्ये, म्हणजे बोलू तसं लगेच ऐकू जातं त्यात, थांबायचं नसतं. पुढे वाचायचं. मी पुढे वाचलं. “एक शिंग वाकडं आहे. चारा दाखवला की कोणाच्याही मागे जातो.” घाईघाईनं कागद सरळ केला, त्यामुळे बांगड्या पुन्हा वाजल्या.

“माधवराव!”

“कोणाला दिसल्यास बांधून ठेवावं.”

पडद्यापलीकडे नरसय्यांची खुर्ची करकरली. नंतर कळलं, ते खाली बसून तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

गोऱ्हा दुपारीच सापडला. साहेब मात्र त्याच्या आधीच आले. मोटारसायकल गोडाऊनसमोर आपटल्यासारखी लावली. गोऱ्ह्याच्या बातमीचा अर्थ त्यांना कोणीतरी सांगितला होता. “मैं चारा देखके किसीके भी पीछे जाता हूँ?” ते मॅडमना विचारत होते. मी स्टुडिओत पडद्याआड उभी होते. मॅडमनी पुष्कळ समजावलं. शेवटी साहेब म्हणाले, “कल मैं खुद इधर बैठता हूँ. मेरे सामने नाम लेना. क्लिप-विप नहीं. नहीं तो मेरा इन्फर्मेशन बंद.”

संध्याकाळी मी घरच्यांना सांगितलं. त्यांची रस्त्याला लागून भाजीची वाडी आहे. ते वांगी तोडत होते, मी टोपली धरून उभी होते.

“घे नं मंग नाव,” ते म्हणाले. “मी का उद्याच मरून राह्यलो का?”

“अभद्र बोलू नका.”

“मंग नको घेऊ.”

“नाई घेतलं तं बातम्या बंद.”

त्यांनी एक किडकं वांगं बांधावर फेकलं आणि विचार केला. मग म्हणाले, “उखान्यात घे. लग्नात नाई का घेतलं? उखान्यात चालते.”

हे मला आधी कसं सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. उखाण्यात नाव घेतलं तर दोष नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, सगळ्या बायका घेतात, मीसुद्धा मान खाली घालून घेते. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “उखान्यात घेनं म्हणजे नाव घेनं नाई. ते गानं हाय.” आम्ही तिघंही शहाणी माणसं. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. नरसय्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि रेकॉर्डिंग करायला मोबाइल स्पीकरला लावून धरला. मॅडमनी मला पडदा काढायला सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. लाल दिवा लागला. मी नमस्कार केला, डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं,

“कापसाच्या बोंडात शिरली गुलाबी अळी,
माधवरावांचं नाव घेते बातम्यांच्या वेळी.

मंडल कृषी अधिकारी यांनी सांगितलं आहे की फवारणी ऊन चढण्याआधी करावी.”

पुढच्या बातम्या मी इतक्या जोरात आणि सुरेख वाचल्या की स्वतःलाच नवल वाटलं. बाहेर आले तर साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता.

“मॅडम, मेरे ऊपर कविता बनाया!” ते पद्मा मॅडमना म्हणाले. “इतने साल का सर्विस में किसीने नहीं बनाया.”

त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत ते रेकॉर्डिंग आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. सासरच्यांच्या ग्रुपवरही टाकलं. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी नरसय्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

तेवढ्यात रेडिओचा फोन वाजला. लांबच्या गावची एक बाई होती. “ताई, साहेब तुमचे मालक हायत हे आमाले मालूमच नोतं, बाप्पा! जरा घरी बोलता बोलता आमच्या टोकनचं सांगा नं त्यायले.”

मी फोन ठेवला. बाई उखाण्यात कोणाचं नाव घेते, हे आमच्या बाजूच्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. आमच्या बातम्या ऐकणाऱ्या प्रत्येक घरानं त्या सकाळी एकच अर्थ काढला होता.

मग साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी हसत कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. त्यांच्या बायकोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. त्यांच्या क्वार्टरशेजारी एक मराठी बाई राहते. साहेबांच्या बायकोनं नवऱ्यावरची कविता तिला हौसेनं ऐकवली होती, आणि तिनं अर्थ सांगितला होता. नीट सांगितला होता.

“एवरु आमे?” फोनमधून येत होतं.

“काय म्हणतात?” मी नरसय्यांना विचारलं. मला तेलुगू कळतं, पण त्या क्षणी काहीच कळेना.

“इचारून राह्यल्या, ती बाई कोन,” नरसय्या म्हणाले. “अक्का, मी जरा बाहेर जाऊ का?”

साहेब घामाघूम. ते तेलुगूत शपथा घालत होते. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “आप बोलो. आपही बोलो.”

अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. आणि ही तर चिडलेली. मी फोन घेतला आणि खोलीत गेले, माइकच्या खुर्चीत बसले. तिथे बसल्यावरच आवाज निघाला. तिचं भरभर तेलुगू आणि माझं मोडकं. इथे मराठीत लिहिते.

मी म्हटलं, “अम्मा, चूक झाली. आमच्या घरच्यांचं नावही तेच आहे.”

“तेच म्हणजे कोणतं?”

“तेच. तुमच्या घरच्यांचं.”

“कोणतं ते सांग ना मग!”

“तुम्हाला माहीत आहे की, अम्मा.”

“मला माहीत आहे. तू सांग. सरळ नाव सांग, कविता नको.”

मला ते सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही सांगा, मी हो म्हणते.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी कसं सांगू? आमच्यातही नाही घेत.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढं भांडली, पण सगळं भांडण ‘आयन’ म्हणजे ‘ते’ एवढ्यावरच चाललं होतं. नाव एकदाही आलं नव्हतं.

“मग पहिलं अक्षर सांग,” ती म्हणाली.

“पहिलं अक्षर चालतं का तुमच्यात?”

“माहीत नाही. कधी विचारलं नाही.”

आणि ती हसायला लागली. मलाही हसू आलं. बाहेर सगळे दाराला कान लावून उभे होते, ते माझ्या हसण्यानं जास्तच घाबरले. मग आम्ही कपाशीवर बोललो, सासवांवर बोललो. तिनं विचारलं, “मग नाव घ्यायला तुला लावलं कोणी?” मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “फोन त्यांना दे.”

साहेबांनी फोन घेतला. या वेळी तिचा आवाज बाहेर ऐकू आला नाही, पण साहेब ‘हां’, ‘हां’ करत होते आणि मान प्रत्येक वेळी थोडी खाली जात होती. फोन ठेवून ते मॅडमना म्हणाले, “सिर्फ मंडल कृषी अधिकारी बोलो. बस है. पद बड़ा है, नाम में क्या है.”

त्यांनी चहा पिऊन टाकला आणि जाता जाता दुसऱ्या दिवसाची माहिती न मागता देऊन गेले. बुलेटिन राहिलं.

पण गावांत उखाणा जाऊन बसला होता. बाजारात घरच्यांना लोक विचारत, “काऊन माधवभाऊ, साहेब झाले म्हणे तुमी?” त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “नाव माहं हाय. साहेबाले एक दिवस वापराले देल्लं.” घरी मात्र दोन दिवस ते सकाळी रेडिओजवळ घुटमळले. मग विचारलं, “आज उखाना नाई का?” मी म्हटलं, “बातम्या हायत त्या.” ते वाडीत निघून गेले. पण मी पाहिलं, त्यांना ते आवडलं होतं.

टोकनासाठी माझ्याकडे इतक्या बाया येऊ लागल्या की पद्मा मॅडमनी खुलासा द्यायचं ठरवलं. त्यांनीच तो लिहिला: ‘परवाच्या बातमीतील माधवराव हे सुनंदाबाईंचे पती नाहीत. सुनंदाबाईंचे पती दुसरे माधवराव आहेत.’ कागद माझ्या हातात दिला. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी कागद परत घेतला आणि स्वतः माइकसमोर वाचायला बसल्या. पहिलं वाक्य नीट वाचलं. दुसऱ्यात ‘सुनंदाबाईंचे पती दुसरे’ इथवर येऊन अडखळल्या, थांबल्या, पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागल्या, आणि वीज गेली.

त्या दिवशी दुपारी मला दुसरा नवरा कधी केला म्हणून विचारायला माहेरून माणूस आला.

नंतर मॅडम पुन्हा खुलासा द्यायला निघाल्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टेबलासमोर उभी राहून, त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले. म्हटलं, नको. रेडिओवरून एक चूक गेली तर लोक ती आठवडाभर बोलतात. तिची दुरुस्ती गेली की वर्षभर बोलतात.